घरदुरुस्तीसाठी जाणता प्लंबर कसा निवडावा: गळतीचा माग काढण्यापासून शेवटचे पैसे देईपर्यंत

बाथरूमबाहेरची भिंत ओली दिसली की प्लंबरला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी टाइल फुटते. पाणी नेमकं कुठून येतंय हे तोवर कोणीच तपासलेलं नसतं. लाईन बदलली जाते, भिंत पुन्हा बंद होते, आणि दोन महिन्यांनी ओल परत येते, कारण मूळ गळती नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेला होती. घरच्या प्लंबिंगमध्ये सर्वांत जास्त पैसे अशा चुकीच्या ठिकाणी केलेल्या बरोबर कामावर जातात. म्हणून प्लंबर निवडताना आम्ही एक गोष्ट सगळ्यांत वर ठेवतो: हत्यार उचलण्याआधी तो काय विचारतो आणि काय तपासतो. दर, प्रमाणपत्र, ओळख हे सगळं त्यानंतर. अर्थात त्याचं तपासणं बरोबर आहे की नाही हे कळायला थोडी माहिती आपल्यालाही हवी.

काम कोणतं, त्यावर माणूस ठरतो

नळाचा वायसर किंवा स्पिंडल बदलणं, अँगल कॉक, कनेक्शन पाईप, फ्लश टँकचा फ्लोट, बेसिनखालचा वेस्ट पाईप किंवा बॉटल ट्रॅप ही उघडी कामं. चुकलं तर लगेच दिसतं, अर्ध्या तासात दुरुस्त होतं. यासाठी सोसायटीत नेहमी येणारा किंवा ॲपवरून बोलावलेला कारागीर पुरेसा आहे. फार चौकशी करत बसू नका.

कन्सील्ड (भिंतीआडची) लाईन, डायव्हर्टर (नळ आणि शॉवर यांच्यात पाणी वळवणारी कळ), गिझरचे पॉइंट, कमोड बदलणं, नहाणी ट्रॅप, वरच्या मजल्याचं ड्रेनेज ही कामं वेगळी. इथली चूक टाइलआड दडते आणि खालच्या घराच्या छतावर उमटते. या लेखातली बहुतेक मेहनत अशाच कामांसाठी आहे.

तिसरा प्रकार पालिकेशी जोडलेल्या कामांचा: नवा नळजोड, मीटर, जोडाचा आकार वाढवणं. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत या कामांना परवानाधारक प्लंबर लागतो. पालिकेच्या मुख्य वाहिनीला कोणी खासगीत हात लावायला तयार झाला, तर तो कितीही कसबी असला तरी त्याला काम देऊ नका. बेकायदा जोडाची जबाबदारी घरमालकावर येते. पालिकेच्या लाईनला थेट मोटार लावून पाणी खेचण्याचा सल्ला देणाऱ्यालाही हेच लागू. अशी मोटार वाहिनीतला दाब बाहेरच्यापेक्षा खाली आणते आणि एखाद्या फुटक्या जोडातून आजूबाजूचं गढूळ पाणी आत ओढलं जाऊ शकतं.

आणि काही कामं प्लंबरची नाहीतच. पाईपने येणाऱ्या गॅसची नळी सरकवायची असेल तर गॅस कंपनीचाच माणूस हवा. गिझरची वायर आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनने पाहायचं. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये बसवून देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा; जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. सेप्टिक टँक किंवा ड्रेनेज चेंबरमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवून सफाई करवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे सक्शनची गाडीच बोलवायची. कारागीर स्वतः उतरायला तयार असला, तरी त्याला उतरू देऊ नका.

फोन करण्याआधी गळतीचा माग

घरात ओल येण्याची मुख्य कारणं चार: पुरवठ्याची लाईन, सांडपाण्याची लाईन, वॉटरप्रूफिंग आणि पावसाचं पाणी. प्रत्येकाचं वागणं वेगळं असतं आणि ते ओळखायला हत्यार लागत नाही. एक-दोन दिवसांचा धीर लागतो.

पुरवठ्याची लाईन सतत दाबाखाली असते. त्यामुळे तिची गळती दिवसरात्र, नळ वापरा वा न वापरा, सारखी चालू राहते. घराला स्वतंत्र मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कोणी पाणी वापरण्याआधी पुन्हा पाहा. आकडा पुढे सरकला तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी जातंय. मात्र त्याआधी कमोडमध्ये टिश्यू पेपरचा कोरडा तुकडा मागच्या भिंतीला चिकटवून ठेवा. तो भिजला तर फ्लश टँकचा वॉशर गळतोय आणि तुमची गळती पन्नास रुपयांच्या रबरात आहे.

बहुतेक फ्लॅटना स्वतंत्र मीटर नसतं. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाईनवर प्रत्येक घरासाठी व्हॉल्व्ह असतो. माळ्यावर, डक्टमध्ये (इमारतीच्या उभ्या पाईपांच्या मोकळ्या पोकळीत) किंवा गच्चीवर. बऱ्याच इमारतींत दोन बाथरूमना आणि स्वयंपाकघराला वेगवेगळ्या लाईन असतात. एकेक व्हॉल्व्ह बंद करून चार-सहा तास थांबा. एखादा बंद केल्यावर ठिबक मंदावत गेली, तर दोषी लाईन सापडली. मग तोच व्हॉल्व्ह उघडा ठेवून फक्त गिझरचा इनलेट बंद करा. त्याने ठिबक थांबली तर बिघाड गरम पाण्याच्या बाजूला आहे. एवढी माहिती हातात असेल, तर प्लंबरला अर्धी भिंत कमी फोडावी लागते.

सांडपाण्याची गळती वापरासोबत येते आणि जाते. बेसिन, फरशी आणि कमोड वेगवेगळ्या वेळी तपासा. सकाळी फक्त बेसिनमध्ये दोन बादल्या सोडा आणि खालच्या घरी छत पाहायला सांगा. दोन तासांनी फरशीवर पाणी ओता. मग चार-पाच वेळा फ्लश करा. बेसिनला निळ आणि फ्लशला खाण्याचा लाल रंग असे वेगळे रंग वापरले तर खाली काय उमटतं त्यावरून लाईन कळते. रंग उमटला नाही म्हणून लाईन निर्दोष समजू नका. वाळू-सिमेंटच्या थरातून झिरपताना रंग गाळला जातो.

वॉटरप्रूफिंगची गळती सर्वांत आळशी असते. नहाणी ट्रॅपचं तोंड कापड भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीने घट्ट बंद करा, बाथरूमच्या उंबऱ्याच्या आत साधारण एक इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि २४ तास ठेवा. ट्रॅप बंद असताना खाली ओल वाढली तर दोष फरशीखालच्या थरात किंवा ट्रॅपच्या कडेच्या सांध्यात आहे. खालच्या छतातून आधीच धार लागली असेल किंवा ओलीजवळ वायरिंग असेल, तर ही चाचणी करू नका. आणि खालच्या घरच्यांना सांगितल्याशिवाय तर कधीच करू नका.

ओल फक्त पावसाळ्यात आणि बाहेरच्या भिंतीलाच येत असेल, तर प्लंबरचा संबंध नाही. एसीची निचरा नळी भिंतीतून गेलेली असेल तर ती आधी पाहा. उन्हाळ्यातल्या कित्येक ओली तिच्यापाशी संपतात.

या तपासणीचा दुसरा उपयोग खर्च कोणाचा हे ठरवायला होतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाण्याच्या वा ड्रेनेजच्या लाईनची गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम आहे. तुमच्या घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती तुमच्या खर्चाची. डक्टमधला उभा पाईप गळत असेल तर स्वतःचा प्लंबर लावू नका, संस्थेला लेखी कळवा.

पाणी कमी दाबाने येण्याच्या तक्रारीतही आधी थोडं गणित करा. टाकीपासून दर १० मीटर खाली गेलं की साधारण एक किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपासून जेमतेम तीन मीटर वर असेल, तर मिळणारा दाब सुमारे ०.३ किलो. वरच्या मजल्यावर महागडा रेन शॉवर का चालत नाही याचं उत्तर यात आहे. तिथे लाईन बदलून उपयोग नाही, प्रेशर पंप लागतो. एकाच नळाला पाणी कमी असेल तर त्याची तोंडावरची जाळी आणि अँगल कॉक साफ करा. फक्त गरम पाणी कमी येत असेल तर गिझरच्या इनलेटवरचा एकमार्गी व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा क्षार साचलेत. बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हे नेहमीचं आहे.

माणूस कुठे शोधायचा, कागद कोणते बघायचे

आयटीआयमधला नळ कारागीर हा अभ्यासक्रम एक वर्षाचा. राष्ट्रीय पातळीवर प्लंबिंगची कौशल्य परिषद आहे. आधी तिचं नाव इंडियन प्लंबिंग स्किल्स कौन्सिल होतं, आता वॉटर मॅनेजमेंट अँड प्लंबिंग स्किल कौन्सिल. अनुभवातून शिकलेल्यांची परीक्षा घेऊनही असं कौशल्य प्रमाणपत्र दिलं जातं. महापालिकेचा परवाना हा तिसरा कागद. त्यावर नाव, मुदत आणि कोणत्या पालिकेचा आहे ते पाहा. परवाना एकाचा आणि काम दुसऱ्याचं असं असेल, तर निदान परवानाधारकाची सही अंदाजपत्रकावर घ्या.

कागद नसलेला कारागीर वाईट असतो असं मुळीच नाही. उस्तादाच्या हाताखाली पंधरा-वीस वर्षं काढलेल्या कित्येकांकडे कसलंही प्रमाणपत्र नसतं आणि त्यांच्या सांध्यातून थेंब गळत नाही. नळजोडासारखी परवान्याची कामं सोडली, तर कागदाला चौकशीची सुरुवात माना, निकाल नव्हे.

खरी चौकशी त्याच्या जुन्या कामांची. गेल्या महिन्यात झालेलं बाथरूम दाखवलं तर ते छानच दिसणार. दोन पावसाळे उलटलेल्या कामाचा पत्ता मागा, आणि त्या घरी तीन गोष्टी विचारा: खालच्या घरी पुन्हा ओल आली का, बोलावल्यावर तो परत आला का, आणि ठरलेल्या रकमेपेक्षा किती जास्त गेले व का. आपल्याच इमारतीत काम केलेला माणूस मिळाला तर त्याला झुकतं माप द्या. लाईन कुठून कशा गेल्यात हे त्याला माहीत असतं. हार्डवेअर दुकानदाराचा सल्लाही घ्या, मात्र दुकान आणि कारागीर यांच्यात बरेचदा कमिशनचा व्यवहार असतो हे लक्षात ठेवून. त्याला "चांगला कोण" असं न विचारता "कन्सील्ड लाईनची कामं कोण करतं" असं विचारा.

फोनवर आणि पाहणीत

जाणता कारागीर फोनवरच प्रश्न सुरू करतो: कितवा मजला, इमारत किती वर्षांची, पाईप लोखंडी की प्लास्टिकचा, ठिबक सतत की अधूनमधून, फोटो पाठवता का. "येतो आणि बघतो" एवढंच म्हणणाऱ्याला नाकारू नका, पण त्याला हे विचारून घ्या: पाहणीचे पैसे किती आणि काम दिलं तर ते वळते होतात का? प्रेशर टेस्टिंगचा पंप तुमचा आहे का? गरम पाण्याला कोणता पाईप टाकता? टाइल आणि प्लास्टर परत कोण करणार? पाहणीचे पैसे देण्यात कुरकुर करू नका. फुकट पाहणी करणाऱ्याला तो वेळ कामातूनच भरून काढावा लागतो, आणि मग काम मोठं निघतं.

पाहणीला आल्यावर त्याने खालच्या घरी जाऊन छत पाहायला हवं. व्हॉल्व्ह बंद-उघड करून पाहायला हवेत, टाइल ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकायला हवं, डक्टमध्ये डोकावायला हवं. आणि तुम्ही केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष त्याने ऐकून घेऊन स्वतः एकदा पडताळले, तर माणूस चांगला आहे.

पाच मिनिटांत "सगळी लाईनच बदलावी लागेल" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. पण एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतीत भिंतीत लोखंडी जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाईप असेल, तर एक सांधा फिरवताना शेजारचे गंजलेले आटे तुटतात, आणि एका गळतीच्या तीन होतात. अशा ठिकाणी तुकडा बदलण्यापेक्षा जुनी लाईन भिंतीतच बंद करून सोडावी आणि सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) नवी लाईन भिंतीवरून उघडी न्यावी, असा सल्ला देणारा कारागीर तुमचं हित पाहतोय. उघडी लाईन दिसायला थोडी खटकते, पण पुढची गळती डोळ्यांना दिसते.

पाहणीत एखाद्याने बीम किंवा कॉलमला झिरी मारून पाईप नेण्याची भाषा केली, तर चर्चा तिथेच थांबवा. सळया उघड्या पडल्या की गंज धरतो आणि नुकसान सगळ्या इमारतीचं होतं. विटांच्या भिंतीलाही मर्यादा आहे: उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. नऊ इंची भिंतीत हे माप अनुक्रमे तीन आणि दीड इंच येतं. चार इंची भिंतीत आडवी झिरी पाऊण इंचाचीही बसत नाही, म्हणून तिथे पाईप उभा वर न्यावा आणि आडवा छताजवळून फिरवावा. स्लॅबमधून नवं भोक पाडायचंच असेल तर संस्थेची परवानगी आणि कोअर कटर (गोल भोक कापणारं यंत्र) दोन्ही हवेत; छिन्नी-हातोड्याने स्लॅबला तडे जातात.

अंदाजपत्रक

मजुरीचे तीन प्रकार चालतात: रोजावर, पॉइंटवर (पाण्याच्या प्रत्येक तोंडामागे) आणि उक्तं (सगळ्या कामाची एक ठोक रक्कम). शोध घेत करायच्या दुरुस्तीला रोज बरा, कारण आत काय निघेल हे कोणालाच माहीत नसतं. फक्त दिवसांची कमाल मर्यादा ठरवा. नव्या बाथरूमला पॉइंटचा दर सोयीचा. पण पॉइंट म्हणजे काय ते आधी बोला. काही जण मिक्सरचा गरम आणि थंड असे दोन पॉइंट धरतात, काही एक. सांडपाण्याचा पॉइंट त्यात धरला आहे का? झिरी मारणं आणि बुजवणं? या तीन प्रश्नांवर दोन अंदाजपत्रकांत निम्म्याचा फरक पडू शकतो, म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

लेखी हवं ते एवढं: कामाची जागा, पाईपचा प्रकार आणि कंपनी, व्हॉल्व्ह किती, चाचणी कोणत्या दाबाला, टाइल व प्लास्टर कोणाकडे, राडारोडा कोण उचलणार, किती दिवस, किती महिने हमी, पैसे कधी किती. व्हॉट्सॲपवर लिहून दोघांनी "मान्य" म्हटलं तरी चालेल. आमच्या मते सामान शक्यतो स्वतः दुकानात जाऊन बिलासकट घ्यावं. मजुरीतला थोडा भाग सुरुवातीला, मोठा भाग चाचणी उत्तीर्ण झाल्यावर, आणि साधारण पाचवा हिस्सा आठवडाभर वापरून झाल्यावर. सगळे पैसे आगाऊ मागणाऱ्याला काम देऊ नका. त्याचबरोबर चाचणी नीट झाली असेल तर ठरलेल्या दिवशी पैसे अडवूनही ठेवू नका. चांगला कारागीर पुढच्या वेळी येतो तो याच कारणाने.

सामान आणि हात: काम चालू असताना काय पाहायचं

गरम पाण्याला फिकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी पाईप, त्यावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला हवा. भिंतीआडच्या लाईनला एसडीआर ११ हा जाड प्रकार घ्या (एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी), एसडीआर १३.५ ची भिंत पातळ असते. पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला. आयएस ४९८५ हा पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाईपचा क्रमांक, आयएस १३५९२ सांडपाण्याच्या एसडब्ल्यूआर पाईपचा. गरम लाईनमध्ये पांढरा तुकडा जोडताना कोणी दिसला तर काम थांबवा. गिझरच्या उष्णतेने तो मऊ पडतो आणि सांधा सुटतो.

सीपीव्हीसीचं सोल्व्हंट वेगळं असतं, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. यूपीव्हीसीचा डबा सगळीकडे वापरणं ही सर्रास दिसणारी चूक आहे आणि तिचा परिणाम वर्षभराने दिसतो. सांधा करण्याची पद्धत पाहा: पाईप कटरने काटकोनात कापला, कडेचे कीस काढले, कोरडा बसवून पाहिला, पाईपला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ सोल्व्हंट लावलं, आत ढकलताना पाव वळसा दिला आणि अर्धा मिनिट दाबून धरलं. हे सगळं झालं तर सांधा पन्नास वर्षांचा. हॅक्सॉने तिरका कापून घाईत ठोकलेला सांधा पाईप मागे ढकलतो आणि आत अर्धवटच बसतो.

नळ बसणाऱ्या प्रत्येक जागी पितळी आट्यांची फिटिंग हवी. प्लास्टिकच्या आट्यांत पितळी नळ जोरात आवळला की तडा जातो, आणि तो तडा लगेच नव्हे तर काही महिन्यांनी फुटतो. सुतळी आणि सफेदा लोखंडी पाईपसाठी ठीक. सीपीव्हीसीवर तेलकट सफेदा नको, टेफ्लॉन टेपच. टेप आटे आवळण्याच्या दिशेने गुंडाळायची, नाहीतर नळ फिरवताना ती सुटत जाते.

सांडपाण्यात उतार सर्वकाही ठरवतो. मीटरला साधारण अडीच सेंटिमीटर उतार ठेवा आणि स्पिरिट लेव्हल लावून दाखवायला सांगा. नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी साचून राहायला हवं. तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. फरशीची जाडी वाचवण्यासाठी उथळ ट्रॅप बसवला की काही दिवस बाथरूम न वापरल्यावर पाणी सुकतं आणि घरभर वास सुटतो. कमोड बदलताना तयार भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर आधी मोजायला लावा, पी ट्रॅप (भिंतीत जाणारा) की एस ट्रॅप (जमिनीत जाणारा) ते पाहा, मग दुकानात जा. उलट क्रमाने गेलात तर नवा कमोड भिंतीपासून चार इंच पुढे उभा राहतो.

प्रत्येक बाथरूमच्या लाईनवर एक बॉल व्हॉल्व्ह हाताला येईल अशा जागी बसवून घ्या. जुना गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्याने अडकतो आणि नेमक्या वेळी बंद होत नाही. गच्चीवरच्या उघड्या प्लास्टिक पाईपला पाण्यात मिसळणारा रंग द्या, उन्हाने तो ठिसूळ होतो.

भिंत बंद करण्याआधीची चाचणी

पूर्ण कामात ही पायरी चुकवली तर वरची सगळी काळजी वाया जाते, म्हणून या दिवशी घरी थांबा. शेवटच्या सांध्यानंतर एक दिवस जाऊ द्या. सगळ्या पॉइंटना प्लग लावा. गिझर, मिक्सर, डायव्हर्टरचे आतले भाग लाईनपासून वेगळे ठेवा. लाईन पाण्याने भरताना सर्वांत उंच पॉइंट उघडा ठेवून हवा पूर्ण जाऊ द्या. आत हवा राहिली तर काटा फसवतो. मग हातपंपाने १० किलोपर्यंत दाब चढवा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा, गेजच्या काट्याचा फोटो काढा आणि तासभर थांबा. काटा जागेवर राहिला तर लाईन ठीक. उतरला तर प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू फिरवा.

जुन्या लाईनला हा दाब देऊ नका, ती दुसरीकडे फुटेल. तिथे नव्या तुकड्यालाच वेगळं करून तपासा, आणि जोडल्यावर नेहमीच्या दाबावर भिंत रात्रभर उघडी ठेवून सकाळी पाहा. "पाणी सोडलं, गळत नाही, बंद करू" असं दहा मिनिटांत म्हणणाऱ्याला थांबवा. सांडपाण्याच्या पाईपचं खालचं तोंड बंद करून वरपर्यंत पाणी भरा आणि पातळी उतरते का ते अर्धा तास पाहा. फरशी उघडली असेल तर नव्या वॉटरप्रूफिंगवर पुन्हा २४ तास पाणी साठवा, मगच टाइल.

प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो मोजपट्टी धरून काढा: कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून पाईप किती अंतरावर आहे ते दिसेल असा. पुढे आरसा किंवा गिझर बसवताना ड्रिल पाईपमध्ये जाणार नाही.

हमी आणि वाद

हमी कशाची हे स्पष्ट लिहून घ्या. नळ, कार्ट्रिज, गिझर यांची हमी कंपनीची, त्यासाठी बिल आणि वॉरंटी कार्ड लागतं. सांध्यांची आणि बसवणीची हमी कारागिराची. एक पावसाळा पूर्ण सामावेल एवढी मुदत मागणं रास्त आहे. बिघाड झाला तर आधी फोटोंसह लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्या. तरी टाळाटाळ झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. या सगळ्याला आधार एकच: लेखी अंदाजपत्रक आणि पैसे दिल्याचा पुरावा. रोखीने, तोंडी ठरलेलं काम सिद्ध करणं फार कठीण जातं.

रात्री पाईप फुटला तर

अशा वेळी निवडायला वेळ नसतो. आधी त्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करा. सापडत नसेल तर गच्चीवरचा. गिझरचं बटण बंद. पाणी बोर्डाकडे जात असेल आणि तुम्ही कोरड्या जागी उभे असाल, तर मेन स्विच खाली करा. अँगल कॉक किंवा नळ तुटून आटे मोकळे राहिले असतील तर अर्धा इंची प्लगला टेफ्लॉन गुंडाळून बसवला की सकाळपर्यंत निभावतं. रात्री आलेल्या अनोळखी कारागिराकडून फक्त पाणी थांबवून घ्या, त्याचे पैसे द्या, आणि भिंत फोडण्याचा निर्णय दिवसाउजेडी पाहणी करून घ्या. घरात दोन अर्धा इंची प्लग, टेफ्लॉनची दोन रिळं, एक सरकता पाना आणि एक जास्तीचा कनेक्शन पाईप ठेवा. कोणता व्हॉल्व्ह कुठल्या लाईनचा आहे हे त्यावर तेलरंगाने लिहून ठेवा आणि सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून उघडा.